पाटाच्या पाण्याला पाळी असते, मग शाळेच्या नेटला का नाही?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण शनिवारच्या आत वाचा. शनिवारी सकाळी १० वाजता आपल्या शाळेत व्यवस्थापन समितीची बैठक आहे आणि मागच्या बैठकीत झालेला एक ठराव तिथे कायम होणार आहे. तो कायम होऊ नये, एवढ्यासाठी हे सगळं लिहितोय.

ठराव एका ओळीचा आहे. 'शाळेच्या वायफायवर यूट्यूब व इतर सर्व व्हिडिओ बंद करण्यात यावेत.' बैठकीला मी होतो. विरोध करणारे आम्ही दोघंच, मी आणि सातवीच्या वर्गशिक्षिका बाई. बाकी हात वर. पाच मिनिटांत विषय संपला आणि गाडी शाळेच्या रंगकामावर गेली.

हे का झालं ते आधी सांगतो, कारण गावात उलटसुलट गोष्टी फिरतायत. 'पोरं शाळेत रील बघतात', 'मास्तर व्हिडिओ लावून झोपतात' असं काय काय कानावर आलं. खरी गोष्ट वेगळी आहे.

बाई सातवीला पचनसंस्था शिकवत होत्या. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला, व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर लावला. घास अन्ननलिकेतून खाली उतरायला लागला आणि मध्येच अडकला. चक्र फिरायला लागलं. पोरं हसली. पुन्हा लावला, पुन्हा अडकला. तिकडे ऑफिसात मुख्याध्यापक सर पोषण आहाराची माहिती ऑनलाइन भरत होते, त्यांचंही पान उघडेना. सर चिडून बाहेर आले, बघतात तर टीव्हीवर व्हिडिओ. साहजिकच वाटलं की व्हिडिओमुळेच सगळं तुंबलं. तिथून विषय समितीत गेला. तात्या म्हणाले, "ही नसती भानगड. बंद करून टाका, काम तरी होईल." तात्यांचा मला आदर आहे. शाळेला जागा देताना त्यांच्या घरानं हात आखडता घेतला नव्हता. पण तात्या, यावेळी निदान चुकलं. दुखतंय पोट आणि आपण दात काढायला निघालोय.

बैठकीनंतर मी सरांची परवानगी घेतली आणि दोन दिवस राउटरसमोर बसलो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, माझं कॅमेरे बसवण्याचं आणि नेटवर्किंगचं दुकान आहे आणि माझी मुलगी याच शाळेत सहावीत आहे. म्हणजे मला यातलं थोडं कळतं आणि माझं काहीतरी यात अडकलेलंही आहे. दोन्ही लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आपल्या शाळेला लोकवर्गणीतून जी फायबरची लाइन घेतली, तिचा वेग कागदावर डाउनलोडला ५० एमबीपीएस आणि अपलोडला १० आहे. सकाळी शाळा भरायच्या आधी मोजला, जवळजवळ तेवढाच मिळाला. म्हणजे कंपनी फसवत नाहीये. मग पाणी जातंय कुठं?

राउटरला त्या दिवशी ३१ उपकरणं जोडलेली होती. शाळेची स्वतःची किती? ऑफिसातले २ संगणक, १० टॅब, १ टीव्ही आणि कॅमेऱ्यांचा १ डीव्हीआर. झाले १४. उरलेले १७ सगळे मोबाइल. त्यातले ७ शिक्षकांचे. बाकीचे १० आपले. म्हणजे समितीच्या सदस्यांचे, वडाच्या पारावर बसणाऱ्या पोरांचे, समोरच्या दुकानाचे. आणि हो, त्यात एक माझाही होता. मी शाळेजवळ आलो की तो आपोआप जोडला जातो, मला कधी लक्षातही आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्यांची. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले, कारण सगळ्यांना माहीत आहे. कॅमेरे पाहिजेतच, त्यावर वाद नाही. पण आपल्याकडे ८ कॅमेरे आहेत आणि तिघाचौघांच्या मोबाइलमध्ये त्यांचं ॲप आहे. ही मंडळी घरी बसून, शेतात बसून, आठही कॅमेरे पूर्ण दर्जात लाइव्ह बघतात. एक कॅमेरा पूर्ण दर्जात साधारण २ एमबीपीएस वर पाठवतो. आठ झाले १६. आपली वर जायची वाट आहे १० ची. एकानं जरी सगळे कॅमेरे उघडले तरी वाट बंद.

कोणी म्हणेल, कॅमेरे अपलोड खातात, व्हिडिओ तर डाउनलोड होतो, त्याचा काय संबंध? संबंध आहे. आपण व्हिडिओ मागवतो तेव्हा आपल्याकडून सतत 'मिळालं, पुढचं पाठव' असे निरोप वर जात असतात. वरची वाट तुंबली की ते निरोप अडकतात आणि खाली येणारा माल पण थांबतो. पचनसंस्थेचा घास तिथं अडकला होता.

आणि तिसरी गोष्ट माझी चूक. हे वायफाय गेल्या जूनमध्ये मीच बसवून दिलं. फुकट बसवलं म्हणून कौतुकही झालं. पण बसवताना मी सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड ठेवला, आणि तोही असा की दुसरीतलं पोरगंसुद्धा ओळखेल. ऑफिस, वर्ग आणि पाहुणे असे वेगळे भाग करायला हवे होते, केले नाहीत. घाई होती, पाऊस तोंडावर होता, असं मी स्वतःला सांगितलं. पण कालवा खोदला आणि दारं बसवली नाहीत, असंच ते काम झालं. त्याची शिक्षा सातवीच्या वर्गाला व्हायला नको.

आता मुद्द्याचं. आपण सगळे बागायतदार. पाटाचं पाणी आलं की काय होतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको. दारं मोकळी सोडली तर मुखाशी असलेला भिजवून घेतो आणि टेलच्या माणसाच्या वावरात धूळ उडते. म्हणून पाळी असते, पाटकरी असतो, तास ठरलेले असतात. पाळीवरून भांडणं होतात, पण 'भांडणं होतात म्हणून कालवाच बुजवा' असं आजवर कोणी म्हणालं का? शाळेच्या नेटच्या बाबतीत मात्र आपण तेच म्हणतोय.

आपल्या नेटचा मुख कुठं आहे? ऑफिसच्या भिंतीवर, राउटरजवळ. तिथं खुर्चीत बसलेल्याच्या मोबाइलला सगळ्यात चांगला सिग्नल. आणि टेल कुठं? व्हरांड्याच्या शेवटी, सातवीच्या वर्गात. मधे चार भिंती. म्हणजे ज्या ४० पोरांसाठी वर्गणी काढली ती टेलला आहेत आणि आपण मोठी माणसं मुखाशी बसून भिजवून घेतोय.

ठराव कायम झाला तर काय होईल, ते सांगतो.

पहिलं. पुस्तकातले क्यूआर कोड अर्धवट होतील. कोड स्कॅन केल्यावर 'दीक्षा'वरचं साहित्य उघडतं. दीक्षा हे केंद्र सरकारचं व्यासपीठ, २०१७ साली सुरू झालं. पण त्यातले काही व्हिडिओ प्रत्यक्षात यूट्यूबवर ठेवलेले असतात. यूट्यूब बंद म्हणजे तेही बंद. बाईंना आधी कळणारही नाही कोणता कोड चालेल आणि कोणता नाही. आणि हे कोड आले कुठून? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी हा प्रयोग केला, पुढे राज्यानं पाठ्यपुस्तकांत तो घेतला. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानानं स्टेटस ठेवले होते. मीही ठेवला होता. आता त्याच कोडला आपल्या शाळेत कुलूप लावायचं?

दुसरं. तोटा कोणाचा होईल? माझ्या मुलीचा नाही. तिला मी घरी दाखवीन. सरपंचांच्या नातवाचाही नाही. सातवीच्या वर्गात यंदा कोप्यांवरची सहा पोरं आहेत, कारखान्याच्या हंगामापुरती आलेली. आईबाप पहाटे फडात जातात. घरात एक मोबाइल असला तर तो बापाच्या खिशात, कारण मुकादमाचा फोन कधी येईल सांगता येत नाही. या पोरांसाठी शाळेतला टीव्ही हाच एक पडदा आहे. बाईंनी मला सांगितलं, त्या दिवशी व्हिडिओ अडकल्यावर बाकीची हसली, पण कोप्यांवरची एक पोरगी तासानंतर थांबून म्हणाली, "बाई, पुढं काय होतं ते उद्या दाखवाल का?" बाई हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आपला ठराव झाला.

तिसरं. ज्या पोरांना आपण अडवायला निघालोय ती अडणारच नाहीत. पारावरची पोरं मोबाइल डेटावर बघतील. शाळेच्या वायफायवरची बंदी फक्त शाळेच्या वायफायला लागते. म्हणजे बघायचं ते बघतीलच, फक्त बाईंचा टीव्ही तेवढा काळा होईल.

चौथं. बंदी घालूनही नेट तुंबायचं ते तुंबेलच. कॅमेरे तसेच वर जात राहतील. १७ मोबाइल आपापले अपडेट घेत राहतील, व्हॉट्सॲपचे फोटो उतरवत राहतील. दोन महिन्यांनी सरांचं पान पुन्हा उघडणार नाही, मग काय बंद करायचं?

आता ठरावाच्या बाजूनं जे बोललं गेलं त्याचं उत्तर देतो. त्यातलं सगळंच चुकीचं नाही.

'मुलं भलतंच बघतात.' हे खरं आहे, बघू शकतात. एक चांगला व्हिडिओ संपला की बाजूला दहा नको ते उभे असतात. पण त्याला उपाय आहे. यूट्यूबला 'रिस्ट्रिक्टेड मोड' म्हणून एक सोय आहे. ती प्रत्येक टॅबवर जाऊन लावायची गरज नाही, नेटवर्कच्या पातळीवरच सगळ्यांना लागू करता येते. मग प्रौढांसाठीचं बरंचसं गाळलं जातं आणि खालच्या कमेंट दिसत नाहीत. शंभर टक्के गाळलं जातं का? नाही. म्हणून टॅब पोरांच्या हातात असताना शिक्षक वर्गात हवेत. आणि आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद ठेवायची. एवढं केलं तर चाळणी बऱ्यापैकी बारीक होते.

'शिक्षक व्हिडिओ लावून बसतात.' काही ठिकाणी होतं, मी नाही म्हणत नाही. पण तो शिक्षकाचा प्रश्न आहे, नेटचा नाही. खडू मोडून टाकला म्हणून न शिकवणारा शिकवायला लागत नाही. आपण असं ठरवू की तासाला १० मिनिटांपेक्षा जास्त व्हिडिओ नाही आणि कोणता लावणार ते आदल्या दिवशी वहीत लिहायचं. आपल्या बाई हे आत्ताही करतात. त्यांची वही बघा एकदा.

'मोठा प्लॅन घेऊ, शंभरचा.' हे बैठकीनंतर चहाला एका सदस्यांनी सुचवलं, वर्गणी देण्याची तयारीही दाखवली. मन मोठं आहे, पण पैसे पाण्यात जातील. कारण व्हिडिओची खोड अशी की तो मिळेल तेवढं पितो. वेग कमी असला तर तो आपोआप हलक्या दर्जात चालतो, वेग वाढला की स्वतःच भारी दर्जा घेतो. यूट्यूबनं स्वतः दिलेले आकडे सांगतो. ३६० च्या दर्जाला ०.७ एमबीपीएस लागतात, ४८० ला १.१, ७२० ला २.५ आणि १०८० ला ५. आज जो मोबाइल ४८० वर चालतोय तो उद्या शंभरच्या लाइनवर १०८० वर जाईल आणि चौपटीहून जास्त खाईल. १७ मोबाइल गुणिले ५, झाले ८५. शंभरची लाइन पण संपली. बिनदाराच्या पाटात कितीही पाणी सोडा, टेलला पोचत नाही.

हेच आकडे दुसऱ्या बाजूनं बघा. टीव्हीवर एक व्हिडिओ ७२० ला लावला, ४० पोरांनी एकत्र बघितला, खर्च २.५. आपल्या लाइनचा विसावा हिस्सा! एका वर्गाला एवढंच लागतं. मग त्या दिवशी ५० ची लाइन २.५ पुरवू शकली नाही, हा दोष पचनसंस्थेच्या व्हिडिओचा कसा?

वाटणी करून भागतं, हे आपण देशपातळीवर बघितलंय. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, सगळे घरी बसले आणि नेटवर ताण आला. तेव्हा भारतातल्या व्हिडिओ कंपन्यांनी मिळून ठरवलं की १४ एप्रिलपर्यंत मोबाइल नेटवर्कवर एचडी द्यायचं नाही, ४८० च्या वर जायचं नाही. युरोपात नेटफ्लिक्सनं ३० दिवस आपला भार चतुर्थांशानं कमी केला. कोणी व्हिडिओ बंद केले नाहीत, दर्जा एक पायरी खाली आणला. आपल्यापैकी किती जणांना तेव्हा फरक जाणवला? मला तर नाही.

मग आपण काय करायचं? माझं म्हणणं असं आहे.

एक. वायफायचे तीन भाग करायचे. ऑफिस, वर्ग आणि पाहुणे. तिघांचे पासवर्ड वेगळे. वर्गाचा पासवर्ड फक्त टीव्ही आणि टॅबमध्ये, माणसांना सांगायचाच नाही.

दोन. पाळी लावायची. शाळेच्या वेळेत ५० पैकी ३० वर्गासाठी राखीव, १० ऑफिससाठी, ५ सगळ्या पाहुण्यांना मिळून, ५ शिल्लक. प्रत्येक टॅबला जास्तीत जास्त १.५. तेवढ्यात ४८० चा व्हिडिओ आरामात चालतो आणि ॲप स्वतःच तो दर्जा निवडतं, पोरांना काही करावं लागत नाही. १० टॅबचे १५ आणि टीव्हीचे ५ धरले तरी २० होतात, ३० च्या आतच. वर्ग रिकामे असतील तेव्हा त्यांचा वाटा ऑफिसला वापरता येईल, पण वर्ग सुरू झाला की पहिला हक्क वर्गाचा. शाळा सुटल्यावर शिक्षकांना वाटणीची अट नको, त्यांनाही कामं असतात.

तीन. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग शाळेतल्या डीव्हीआरमध्ये होतंच, त्याला नेट लागत नाही. बाहेरून बघायची सोय मुख्याध्यापक आणि समिती अध्यक्ष या दोघांनाच, तीही हलक्या दर्जात. डीव्हीआरमध्ये त्यासाठी वेगळी 'सब स्ट्रीम' असते, ती कॅमेऱ्यामागे साधारण अर्ध्या एमबीपीएसमध्ये भागते. आणि अपलोडच्या १० पैकी कॅमेऱ्यांना २ च्या वर नाही. कोणाला राग येईल, माफी असावी. पण शाळेतला कॅमेरा पोरांच्या सुरक्षेसाठी आहे, आपल्या करमणुकीसाठी नाही. दुसऱ्याच्या लेकीबाळी दिवसभर आपल्या मोबाइलवर कशाला दिसायला पाहिजेत? खरं तर नेट वाचत नसतं तरी हे थांबवायला हवं होतं.

चार. जे पुन्हा पुन्हा लागतं ते साठवून ठेवायचं. दीक्षाच्या ॲपमध्ये डाउनलोडची सोय आहे. बाईंनी संध्याकाळी उतरवून ठेवलं की दुसऱ्या दिवशी नेट नसलं तरी चालतं. ४८० च्या दर्जाचा १० मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे साधारण ८२ एमबी. असे १०० पाठ सव्वाआठ जीबीत बसतात, १६ जीबीच्या पेनड्राइव्हचं निम्मं. शिक्षकांनी स्वतः केलेले व्हिडिओ तर पेनड्राइव्हवरूनच टीव्हीला लावता येतात. यूट्यूबवरचं मात्र भलत्या ॲपनं उतरवून ठेवायचं नाही, ते त्यांच्या नियमात बसत नाही. आणि पावसाळ्यात आपल्याकडे लाइन किती वेळा तुटते ते आठवा. साठवलेलं तेव्हाही कामाला येतं.

पाच. टीव्हीला एक डीडी फ्री डिशची छत्री जोडायची. 'पीएम ई-विद्या'च्या शैक्षणिक वाहिन्या त्यावर फुकट दिसतात. छत्रीवरून येणाऱ्या चित्राला नेट लागत नाही, एकानं बघा नाहीतर लाखानं, वाटणीचा प्रश्नच नाही. २०२० च्या जुलैमध्ये सह्याद्रीवर 'टिलीमिली' लागायची, आठवतं? गावात किती पोरं त्यावर शिकली. तीच गोष्ट.

सहा. टॅबचे अपडेट शाळा सुटल्यावर. आणि व्हरांड्याच्या शेवटी एक वायफायचा डबा, राउटरपासून वायर ओढून, म्हणजे टेलला थेट पाणी.

खर्च? तीन भाग आणि वाटणी करता येईल असा राउटर, वायर आणि एक डबा, सगळं मिळून पाच-सहा हजारांत व्हायला हरकत नाही. आता कोणी म्हणेल, याचं दुकान आहे म्हणून हा सांगतोय. म्हणून आधीच लिहून ठेवतो. सामान माझ्याकडून घ्यायचं नाही. तालुक्याला दोन दुकानांतून दरपत्रकं मागवा, समितीनं स्वतः आणावं. बसवायची मजुरी मी घेणार नाही, कारण पहिल्यांदा चुकीचं मीच बसवलंय. आणि सगळी मांडणी कागदावर लिहून शाळेत ठेवीन, म्हणजे उद्या मी नसलो तरी दुसऱ्याला बघता येईल.

राहता राहिला अधिकाराचा प्रश्न. 'हे वरून आलं पाहिजे, आपण कोण?' असंही एक जण म्हणाले. अहो, आपणच आहोत! शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये कलम २१ वाचा. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, ते हात वर करायला नाही ठेवलेले. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा समितीनं करायचा असतो. त्यात वर्गखोल्या लिहितो, स्वच्छतागृह लिहितो, तसं नेटच्या वाटणीचं एक पान लिहायला कोणी अडवलंय? वरची वाट बघायची तर २०२५ च्या अर्थसंकल्पात भारतनेटमधून ग्रामीण भागातल्या सगळ्या सरकारी माध्यमिक शाळांना ब्रॉडबँड द्यायची घोषणा झाली आहे. माध्यमिक. आपली शाळा सातवीपर्यंत. आपली पाळी कधी येईल ते येईल, तोवर वर्गणीतून आणलेल्या पाण्याचा नीट हिशोब ठेवू.

आणि सरकारी आकड्यांवरही समाधान मानू नका. यूडायस प्लसच्या २०२४-२५ च्या माहितीप्रमाणे देशातल्या ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. वाचून बरं वाटतं. आपली शाळा पण त्या 'आहे'मध्येच मोजली जाणार. सातवीच्या वर्गात चक्र फिरतंय, हे त्या टक्क्यात दिसत नाही. ठराव कायम झाल्यावरही आपण 'इंटरनेट आहे' असंच भरणार आणि ते कागदावर खरंच असेल.

मुख्याध्यापक सरांबद्दल माझी काही तक्रार नाही, हेही स्पष्ट करतो. एका माणसानं पोषण आहार भरायचा, हजेरी भरायची, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे, आणि पान उघडत नाही म्हणून वरून बोलणी खायची. त्यांच्या जागी मी असतो तर मीही टीव्हीचीच वायर उपटली असती. वाटणी झाली तर ऑफिसचे १० एमबीपीएस त्यांचे पक्के, कोणी ओढणार नाही. म्हणजे यात त्यांचाही फायदाच आहे. मी काल त्यांना हे सगळं दाखवलं. ते म्हणाले, "मला चालेल, पण समितीनं म्हणायला पाहिजे."

म्हणून समितीनं म्हणावं. शनिवारी माझी मागणी एवढीच असेल की बंदीचा ठराव महिनाभर स्थगित ठेवा. त्या महिन्यात वाटणी लावून बघू. रोज किती नेट कोणत्या भागात गेलं त्याचा कागद मी दर आठवड्याला सूचना फलकावर लावीन. कोणी काय बघितलं ते नाही, फक्त ऑफिस, वर्ग, पाहुणे, कॅमेरे यांची बेरीज. महिन्यानंतरही सरांचं पान अडकत असेल तर यूट्यूब बंद करायच्या बाजूनं पहिला हात माझा. हे इथं लिहून दिलंय, फोटो काढून ठेवा.

पालकांना विनंती, विशेषतः सातवीच्या. शनिवारी या. समितीत नसलात तरी येऊन बसा. आयांनी जरूर यावं, समितीत निम्म्या जागा तुमच्या आहेत आणि मागच्या बैठकीत तीनच जणी होत्या. शक्य असेल तर कोणीतरी कोप्यांवर निरोप द्या. ते लोक बैठकीला येऊ शकणार नाहीत, शनिवारी फड चालू असतो. पण त्यांची पोरं मोजली गेली आहेत एवढं तरी त्यांना कळेल.

आणि ज्यांच्या मोबाइलमध्ये शाळेचा वायफाय पासवर्ड आहे त्यांनी तो आजच काढून टाका. कोण कोण आहेत ते मला माहीत आहे, नावं लिहीत नाही. मी माझा सोमवारीच काढला.

पटलं तर आपल्या गावाच्या ग्रुपवर पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, भांडू, पण आकड्यांवर भांडू. तात्या, तुम्ही पण या. चहा माझ्याकडून.